भांड्यावरचे नाव आणि भिंतीवरची काव

जुन्या वस्तूंनी घर सजविण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. कालपरवापर्यंत माळ्यावर धूळ खात पडलेले पितळी डबे, तांब्याची घंगाळे, लामणदिवे आणि समया दिवाणखान्यात येऊन बसल्या आहेत. नवे घर बांधणारे लोक भिंतीला मुद्दाम गेरूचा रंग देवितात. नव्याच भांड्याला जुना घाट आणि जुनाट कळा देऊन विकणारी दुकानेही निघाली आहेत. या हौसेस आमचा मुळीच विरोध नाही. मोडीत जाणारी एक समई जरी हौसेपायी वाचली, तरी ती हौस सार्थकी लागली असेच आम्ही म्हणू. परंतु आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की ती कशाचा पुरावा आहे, हे विचारण्याची आम्हांस सवय जडली आहे. तोच प्रश्न आपल्या घरांतील रंगांस व स्वयंपाकघरांतील भांड्यांस विचारून पाहावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम रंगाकडे वळू. गोमंतकापासून उत्तर कानड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर घरांचा आणि देवळांचा खरा रंग म्हणजे काव, अर्थात तांबड्या मातीचा रंग. आपला मुलूखच जांभ्या दगडाचा. तेव्हा भिंतीने भूमीचा वर्ण घ्यावा हे स्वाभाविकच होते. पण या तांबड्या रंगाचे दुसरे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. त्यास हुरमुंजी किंवा उरमुंजी म्हणतात. हे नाव इराणच्या आखातातील होर्मुझ बेटावरून आलेले आहे. त्या बेटाची तांबडी माती रंगासाठी प्रसिद्ध. म्हणजे अंगणात हाताला लागणाऱ्या रंगासही आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडच्या बंदराचे नाव दिले! आमच्या किनाऱ्याचा त्या बंदराशी व्यापार किती जुना व किती निकटचा होता, याची साक्ष या एका शब्दात आहे. घोडे, मोती आणि खजूर यांच्या व्यापाराने गोवा व होर्मुझ ही बंदरे पोर्तुगीज येण्यापूर्वीच जोडलेली होती. आल्बुकेर्कने १५१० साली गोवे घेतले आणि १५१५ साली होर्मुझवर पक्का कबजा बसविला. पुढे १६२२ साली इराणच्या शहाने इंग्रजांच्या साह्याने ते बेट पोर्तुगिजांकडून हिसकावून घेतले. सत्ता आल्या नि गेल्या; भिंतीवरचे नाव मात्र राहिले.

या तांबड्या रंगाचा सर्वांत सुंदर आविष्कार म्हणजे कावी चित्रकला. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा पांढरा गिलावा भिंतीस द्यायचा, त्यावर कावेचा थर चढवायचा, आणि तो ओला आहे तोच अणकुचीदार सळईने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी तिची रीत. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटून भिंत तकतकीत करीत. रंग अवघे दोन, तांबडा आणि पांढरा. तेवढ्यावर वेलबुट्टी, हत्ती, मोर, दशावतार आणि द्वारपाल उभे राहत. पेडण्यातील मोरजीच्या मोरजाईच्या देवळापासून खाली गोकर्ण, अंकोला, कुमठे या भागांतल्या देवळांपर्यंत हे काम आढळते. डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून ही चित्रे टिपली, तेव्हा कोठे सुशिक्षितांचे तिकडे लक्ष गेले. या चित्रांखाली चित्रकाराचे नाव सहसा नसते. गावच्या कारागिराने गावच्या देवासाठी आणि गावच्या मातीने केलेले हे काम आहे.

घराच्या दर्शनी भागात रंगाचा खरा मान तुळशीवृंदावनाला. गोव्यातील हिंदू घर दुरून ओळखावयाचे ते अंगणातल्या निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांनी खुलविलेल्या वृंदावनावरून. ही केवळ शोभेची बाब आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने गोव्याच्या इन्क्विझिशनचा १४ एप्रिल १७३६ रोजीचा जाहीरनामा वाचावा. हा हुकूम ख्रिस्ती झालेल्या येथील लोकांस उद्देशून होता. पूर्वीच्या धर्माच्या ज्या ज्या खुणा त्यांच्या घरांत उरल्या होत्या, त्यांची त्यात एकेक करून मनाई केलेली आहे. घरात, परसात वा बागेत तुळस ठेवू नये. असल्यास उपटून टाकावी. लग्नात ओव्या म्हणू नयेत. आणि भात हिंदूंप्रमाणे अळणी शिजवून मागाहून त्यात मीठ घेऊ नये! अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात हा जाहीरनामा विस्ताराने दिला आहे. कायद्याच्या अभ्यासकास त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. देवळे पाडून आणि माणसांची नावे बदलूनही काम पुरे होत नाही, चुलीवरच्या भाताच्या तपेल्यापर्यंत पोहोचावे लागते, हे त्या हुकूम काढणाऱ्यांस पक्के ठाऊक होते. घरातील लहानसहान वस्तूंचे आणि रीतींचे मोल आपल्यापेक्षा त्यांस अधिक कळले होते, असे खेदाने म्हणावेसे वाटते.

आता स्वयंपाकघरात शिरू. जुन्या स्वयंपाकघरास वेगळ्या रंगाची गरजच नव्हती. धुराने काळवंडलेले आढे आणि सारवलेली जमीन यांच्या पार्श्वभूमीवर तांब्याचा लाल, पितळेचा पिवळा आणि कल्हईचा रुपेरी हेच त्याचे रंग होते. आणि ते रोज चिंच व राख लावून उजळले जात. न्हाणीत चुलीवर पक्के बसविलेले तांब्याचे भाण, पाण्याच्या घागरी व कळश्या, पितळी तपेली आणि परात ही त्या संसाराची इस्टेट. यांतील बहुतेक धातू दूरदेशींचे. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचे तांबे हिंदुस्थानच्या बंदरांवर आणून विकीत, आणि त्यानंतर विलायतेचे तांबे येऊ लागले. पितळेसाठी लागणारे जस्त मेवाडातील जावर येथे आपल्याच कारागिरांनी भट्टीतून उतरविले, आणि तेही युरोपात ती विद्या पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधी.

कल्हईची कथा याहून रंजक आहे. कोकमाची किंवा चिंचेची आमटी उघड्या तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवली की ती कळकते आणि पोटास अपाय करते. म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा पातळ थर देण्याची युक्ती निघाली. कथील २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे कल्हईवाल्याच्या लहानशा भात्यावर आणि कोळशावर हे काम भागते. पण हे कथील आपल्याकडचे नव्हे. ते प्राधान्याने मलाया द्वीपकल्पातून येई. कल्हई हा शब्द अरबी ‘कलई’चे मराठी रूप. अरबीत त्याचा अर्थ कथील असा असून, विद्वान त्याचा संबंध मलायाच्या किनाऱ्यावरील ‘कलह’ नावाच्या प्राचीन बंदराशी जोडतात. भिंतीवर होर्मुझचे नाव, तपेल्यात मलायाचे कथील! पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही दिशांचे समुद्र आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात एकत्र नांदत होते, आणि त्यांस त्याचा पत्ताही नव्हता.

परंतु आमच्या दृष्टीने या भांड्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य निराळेच आहे. ते म्हणजे त्यांच्यावर घातलेली नावे. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यावर टाक्याने ठोकून नाव घालण्याची चाल गोव्यात, बेळगावात तशीच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या मराठी घरांतही आहे. कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या शकात वा सनात दिले, हे त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत वाचावयास मिळते. आता कायदा काय म्हणतो पाहा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ‘दस्तऐवज’ या शब्दाची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत धातूच्या पत्र्यावरील किंवा दगडावरील लेख हा दस्तऐवज होय, असे स्वच्छ सांगितले होते. त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ यातही ते उदाहरण कायम आहे. शिलाहारांचा आणि कदंबांचा ताम्रपट जसा दस्तऐवज, तसा नाव घातलेला तांब्याही दस्तऐवजच. एकास आपण काचेच्या कपाटात ठेवतो आणि दुसऱ्यास मोडीवाल्याच्या तागडीत घालतो, एवढाच फरक.

हा दस्तऐवज बहुधा कोणाचा असतो, हे तर अधिकच विचार करण्याजोगे आहे. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त आम्ही पुष्कळ चाळले आहेत. त्यांत पुरुषांच्या दहा-दहा पिढ्या सापडतात, स्त्रियांचा उल्लेख त्रोटक. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे मुलीचे माहेरचे नाव तर समूळ नाहीसे होते. जमिनीच्या कागदांवर ती नाही, दुकानाच्या वहीत नाही. तिचे नाव राहिले ते माहेराहून आलेल्या घागरीच्या काठावर. ते भांडे तिचे स्त्रीधन होते. स्त्रीधनावर पत्नीचीच संपूर्ण मालकी असते आणि सासरच्यांकडे ते केवळ ठेवीदाखल असते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात १९८५ साली दिला. घागरीवर नाव घालणाऱ्या बापाने हेच तत्त्व आपल्या परीने धातूवर कोरून ठेवले होते.

गोव्यात वारसांची वाटणी ‘इन्व्हेंतार’ या पद्धतीने होते. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा येथे १८७० पासून लागू झाला, आणि गोवा विधानसभेच्या २०१२ च्या अधिनियमानेही ही पद्धत चालूच ठेवली. मृताच्या मिळकतीची यादी होते, किंमत ठरते, आणि मतभेद झाल्यास वारसांत आपापसांत बोली लागते. ज्याची बोली मोठी त्यास वस्तू मिळते आणि इतरांस त्यांच्या हिश्श्याचा मोबदला. पद्धत न्याय्य आहे. पण यादीत भांडी येतात ती ‘तांब्याची जुनी भांडी, एकूण वजन इतके’ अशी, आणि कित्येकदा तेवढीही येत नाहीत. वजन लिहिणारा नाव लिहीत नाही. वाटणी कायदेशीर होते, पैची चूक निघत नाही, आणि पणजीचा एकमेव लेखी पुरावा त्याच दिवशी वितळण्याच्या वाटेस लागतो.

देवळांच्या बाबतीतही असेच घडते, आणि या मासिकाच्या वाचकांत देवस्थानांचे महाजन व कार्यकारी मंडळी पुष्कळ असल्यामुळे ते स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावी चित्रांच्या भिंती तासल्या जातात, त्यांवर फरश्या बसतात, किंवा चित्रांवरूनच तैलरंगाचा हात फिरतो. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. देणगीदारांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. पण १७३६ च्या हुकुमाने जे साधले नाही, ते आपण वर्गणी काढून साधावे काय, हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारावयास हवा. चुन्याचा गिलावा दुरुस्त होऊ शकतो. तासलेली चित्रे परत येत नाहीत.

पुण्यास दिनकर केळकरांनी एकट्याने दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकाची भांडी गोळा करून संग्रहालय उभारले व १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. बाणावलीस ‘गोवा चित्र’ने गोमंतकीय घरादारातली अवजारे जपली. हे थोर काम आहे. परंतु प्रत्येकाच्या घरची घागर संग्रहालयात जाऊ शकत नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. आपण सामान्य लोकांनी दोनच गोष्टी केल्या तरी पुरे. घरातले जुने भांडे सजावटीस मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यावरचे नाव वाचावे, वहीत उतरावे आणि ते नाव कोणाचे, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईस विचारून त्यापुढे लिहावे. आणि देवळाच्या भिंतीस हात लावण्यापूर्वी तीवरील प्रत्येक आकृतीचे छायाचित्र घेऊन, जाणत्या कारागिराचा सल्ला घेऊन मगच ठराव करावा. विकावे लागले तर भांडे विकावे. संसारात तशी वेळ येते. नाव मात्र वहीत राहावे. येत्या चतुर्थीस घर झाडताना माळ्यावरची भांडी खाली निघतीलच. तेवढे काम त्या दिवशी करता येईल.