फ्रँक्लिनची लोखंडी शेकोटी

उघड्या शेकोटीची बहुतेक ऊब धुराबरोबर आकाशांत जाते. फिलाडेल्फियाभोंवतालचें रान तुटून सर्पण महाग झालें, तेव्हां हा अपव्यय बेंजामिन फ्रँक्लिनला सलूं लागला. भिंतींतल्या शेकोटींत बसवावयाची लोखंडी पेटी योजून त्यानें १७४४ सालीं तिची माहितीपुस्तिका काढली. गव्हर्नरनें देऊं केलेला एकाधिकार मात्र लोकहितास्तव नाकारला. पण या पेटींतला धूर आधीं खालीं उतरून मग वर चढावयाचा. धुराडें थंड असलें, कीं तो नीट ओढला जात नसे. १७९६ सालीं काउंट रम्फर्डनें निराळाच उपाय सांगितला: शेकोटी उथळ करावी, बाजू तिरप्या ठेवाव्या, धुराड्याचा गळा अरुंद करावा. आजही अशी पेटी निवडतांना प्रथम धुराडें पाहावें लागतें. ऊब अडवावी, पण धूर अडवूं नये, हाच दोघांच्या खटपटीचा धडा होय.