डार्क आर्टिफिसेस, द

कॅसान्ड्रा क्लेअर या टोपणनावाने लिहिणाऱ्या, तेहरानमध्ये जन्मलेल्या अमेरिकन लेखिकेची इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीत्रयी. ‘लेडी मिडनाइट’ (2016), ‘लॉर्ड ऑफ शॅडोज’ (2017) आणि ‘क्वीन ऑफ एअर अँड डार्कनेस’ (2018) हे तिचे तीन भाग. ‘सिटी ऑफ बोन्स’पासून (2007) सुरू झालेल्या शॅडोहंटर विश्वातच ही कथा घडते. शॅडोहंटर म्हणजे देवदूताच्या रक्ताचा वारसा लाभलेले दैत्यशिकारी; अंगावर मंतरलेली चिन्हे रेखून ते बळ मिळवतात.

एमा कारस्टेअर्स आणि ज्युलियन ब्लॅकथॉर्न लॉस एंजेलिसमध्ये एकत्र वाढलेले. दोघे ‘पॅराबाटाय’, म्हणजे शपथेने जन्मभर बांधलेले युद्धसोबती. ही शपथ बायबलमधील रूथने सासू नामीला दिलेल्या वचनावरून घेतली आहे. पॅराबाटाय एकमेकांसाठी प्राण देऊ शकतात, पण एकमेकांच्या प्रेमात पडण्याची त्यांना सक्त मनाई. नेमके तेच या दोघांच्या हातून घडते. प्रेमकथांत आड येतात ते बहुधा घराणे किंवा समाज. इथे आड येते ती सर्वांत जवळची मैत्री, आणि हीच या त्रयीची खरी ताकद. बंदीमागचे कारणही हळूहळू उलगडते: अशा प्रेमातून अफाट शक्ती जागी होते, ती प्रेमिकांना वेडे करते आणि भोवतालच्यांचा घास घेते. त्यात ज्युलियनच्या खांद्यावर धाकट्या भावंडांचा भार. अवघ्या बाराव्या वर्षी तो त्यांचा बाप झालेला असतो.

पहिल्या भागातील प्रकरणांची शीर्षके एडगर ॲलन पो यांच्या ‘ॲनाबेल ली’ या कवितेतून घेतली आहेत.