उपशामक शुश्रूषा, आपत्कालीन

युद्ध, निर्वासन, भूकंप किंवा साथ अशा प्रसंगी जे वाचण्याचा संभव नाही, अथवा जे वाचतील परंतु तोवर ज्यांना असह्य यातना भोगाव्या लागतील, अशा रुग्णांच्या वेदना, श्वासकष्ट व मनःक्लेश यांचे निवारण करून त्यांच्या आप्तांनाही आधार देणारी वैद्यकव्यवस्था. रूढ नाव पॅलिएटिव्ह केअर.

पूर्वपीठिका : उत्तर इटलीतील सोल्फेरिनोच्या संग्रामानंतर (२४ जून १८५९) कास्तिल्योने येथील चर्चमध्ये स्विस व्यापारी आंरी द्यूनां व गावच्या स्त्रियांनी जी शुश्रूषा केली, तीत पाणी पाजणे, जखमा धुणे आणि मरणोन्मुखांचे निरोप ऐकून घेणे यांचाच भाग मोठा होता; तथापि तिच्यातून उदयास आलेल्या मदतकार्याने पुढे प्राणरक्षणालाच सर्वस्व मानले, आणि जखमींच्या वर्गवारीत ज्याच्या अंगावर काळी चिठ्ठी (वाचण्याची आशा नसल्याची खूण) लागली त्याचे पुढे काय करावयाचे, याविषयी नियमावल्या दीर्घकाळ मौन बाळगून राहिल्या. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये १९६७ साली स्थापिलेल्या हॉस्पिसमधून या शास्त्राला आधुनिक रूप लाभले, पण ते शांततेच्या काळातले. मदतकार्याची किमान मानके सांगणाऱ्या स्फिअर मार्गदर्शिकेत या सेवेचे स्वतंत्र मानक २०१८ च्या आवृत्तीत प्रथम आले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही त्याच वर्षीची.

औषधपुरवठा : या सेवेचा खरा कणा मॉर्फीन होय. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन अल्पमोली असते. अडते ते दफ्तरात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अंमली द्रव्याच्या प्रत्येक खेपेस आयात करणाऱ्या व निर्यात करणाऱ्या अशा दोन्ही सरकारांचे परवाने लागतात, आणि आपत्तीत तर ज्याच्या सहीशिक्क्याने परवाना निघावयाचा तो अंमलदारच कित्येकदा परागंदा झालेला असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या नमुना नियमांनी निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यास, खात्रीच्या मदतसंस्थेपुरती, आयात-परवान्यावाचून माल सोडण्याची मुभा दिली. ही सवलत कागदावर निर्दोष आहे. परंतु जेथे तत्पूर्वीही मॉर्फीन पोहोचत नव्हते तेथे ती सवलत काय करणार? लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार (२०१७) २०१०–१३ या काळात जगात वर्षाला सरासरी २९८.५ टन मॉर्फीनतुल्य औषधे वितरित होत, त्यांपैकी अल्प उत्पन्नाच्या देशांच्या वाट्यास ०.१ टन येई. खुद्द भारतात अफूची सनदशीर लागवड होते, नीमच व गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने आहेत. तरी अंमली द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या कायद्याने राज्याराज्यांतून लादलेले निरनिराळे परवाने २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत येथील रुग्णांच्या वाटेत उभे होते.

वादविषय : वेदनाशमनार्थ दिलेली मात्रा व मृत्यू घडविणारी मात्रा यांतील सीमा आपत्तीत धूसर होते, असा आक्षेप घेतला जातो. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधील एका रुग्णालयासंबंधी असा वाद उद्भवला. ग्रँड ज्यूरीने २००७ मध्ये आरोप ठेवण्याचे नाकारले. मतभेद मात्र कायम आहेत.

अंत्यविधी : पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत (२०१४–१६) सुरक्षित व सन्माननीय दफनाचे नियम ठरविण्यात आले.

बालरुग्ण : मात्रा वजनावरून ठरवितात.