मेहर सिंग, एअर कमोडोर

(२० मार्च १९१५ – मार्च १९५२). भारतीय हवाई दलातील झुंजार वैमानिक व काश्मीर युद्धातील (१९४७-४८) हवाई वाहतुकीचे सूत्रधार. ‘बाबा’ या नावाने परिचित. जन्म लायलपूर (सध्या पाकिस्तान) येथे. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेऊन १९३६ मध्ये ते सेवेत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी सहाव्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व केले. त्याबद्दल १९४४ मध्ये त्यांना डी.एस.ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा सन्मान मिळाला. भारतीय हवाई दलात तो मिळविणारे ते एकमेव अधिकारी होत.

काश्मीर युद्धात वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये सैनिक व नागरिकांनी मिळून धावपट्टी तयार केली. तिच्यावर पहिले डाकोटा विमान मेहर सिंग यांनीच उतरविले. पुढे शत्रूच्या माऱ्यात, रात्री कंदिलांच्या उजेडात डाकोटांनी तेथे तोफा पोहोचविल्या. परतताना ही विमाने निर्वासितांना व जखमींना बाहेर काढीत.

२४ मे १९४८ रोजी भूदलाचे मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन ते लडाखमधील लेहला उतरले. सुमारे ११,५०० फुटांवरील तेथील धावपट्टी वाळूची होती आणि वाटेत झोजीला व फोतूला या खिंडी होत्या. या उड्डाणाने लेह वाचविण्याचा मार्ग खुला झाला. मेहर सिंग यांना महावीरचक्र प्रदान करण्यात आले.

मेहर सिंग यांचा मृत्यू विमान अपघातात झाला. आपण स्वतः आधी उतरायचे, मगच सहकाऱ्यांना पाठवायचे, हा त्यांच्या नेतृत्वाचा खरा वारसा होय.