तराजू एकच हवा

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी आमच्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, ते राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते. त्याच वर्षापासून त्यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. शाळेत त्यांच्या तसबिरीला हार घालण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते आणि मी ते आनंदाने करतो. तेव्हा पुढील हकीकत मी आकसाने सांगत नाही, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जानेवारी १९२९ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात मेरठ कॉलेजातील एक अध्यापक जदुनाथ सिन्हा यांचे पत्र छापून आले. राधाकृष्णन तेव्हा कलकत्ता विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या ‘इंडियन फिलॉसॉफी’चा दुसरा खंड १९२७ साली निघाला होता. सिन्हांची तक्रार अशी, की आपण प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीसाठी जो प्रबंध सादर केला, त्यातील मजकूर या खंडात आपल्या नावाशिवाय आला आहे. (ज्यांच्या देणगीतून मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तेच हे प्रेमचंद रायचंद!) सिन्हांनी नुसता आरडाओरडा केला नाही, दोन्हीकडचे उतारे वाचकांपुढे मांडले. राधाकृष्णन यांचे उत्तर असे, की दोघांनीही त्याच संस्कृत ग्रंथांचा अर्थ सांगितला आहे. मूळ एक असल्यावर भाषांतरात साम्य येणारच.

प्रकरण कोर्टात गेले. सिन्हांनी वीस हजार रुपयांचा दावा लावला. उलट राधाकृष्णन यांनी सिन्हा आणि मासिकाचे संपादक रामानंद चॅटर्जी यांच्यावर एक लाखाचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. खटले चालू असतानाच, १९३१ साली, राधाकृष्णन आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे १९३३ मध्ये आपसात तडजोड झाली आणि दावे मिटले. न्यायाधीशाने निकाल असा दिलाच नाही. सिन्हांनी आपले संशोधन स्वतंत्र ग्रंथरूपाने छापले. पण शाळांतून त्यांचे नाव कोणी घेत नाही.

निकाल नाही म्हटल्यावर लोक आपापला निकाल देऊन मोकळे होतात. ज्यांना राधाकृष्णन पूज्य, ते म्हणतात, “क्षुद्र माणसाचा मत्सर!” ज्यांना ते नावडते, ते म्हणतात, “सरळ चोरी!” दोन्ही बाजूंच्या किती जणांनी ते उतारे शेजारी ठेवून वाचले असतील?

आम्हा मास्तरांची एक साधी कसोटी असते. दोन मुलांचे उत्तर बरोबर आणि सारखे आले, तर त्यात नवल नाही. चूकही सारखी आली, की मास्तर चष्मा पुसतो. तसेच येथेही. संस्कृत संज्ञेचा अर्थ सारखा असणे हा पुरावा नव्हे. परंतु उदाहरणांचा क्रम, एका विचारावरून दुसऱ्यावर नेणारे स्वतःचे वाक्य, हे सारखे आले तर उत्तर द्यावे लागते. मग लिहिणारा विद्यार्थी असो वा कुलगुरू.

हा रोग केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा क्लॉडीन गे यांनी जुलै २०२३ मध्ये पद घेतले आणि २ जानेवारी २०२४ रोजी राजीनामा दिला. ज्यूद्वेषाच्या प्रश्नावर डिसेंबरात त्यांनी तेथील संसदेच्या समितीपुढे दिलेल्या उत्तरांवरून वादळ उठले होते; त्यात त्यांच्या जुन्या लेखनातील उसन्या वाक्यांची भर पडली. विरोधकांना त्या नकोच होत्या, समर्थकांना विरोधकांचा हेतूच तेवढा दिसत होता. परंतु आरोप करणाऱ्याचा हेतू वाईट म्हणून पानावरची अक्षरे बदलत नाहीत, आणि आरोपी नावडता म्हणून त्याचा अपराध वाढतही नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासाठी नियम केले. साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उसना निघाला, तर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. तेवढ्याच प्रमाणात अध्यापकाचा लेख उसना निघाला, तर लेख मागे घ्यावा लागतो, दोन वार्षिक वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. आणि संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध तक्रार आली तर? त्यांच्यावरील नियंत्रक अधिकाऱ्याने या नियमांना धरून योग्य ती कारवाई करावी, एवढेच! पोराचे सारे शिक्षण बुडते, गुरुजींच्या दोन वेतनवाढी बुडतात, आणि कुलगुरूंचे ‘योग्य ते’ होते. तराजू एकच असेल, पण मापे मात्र तीन आहेत.

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ त्यांनी संपादून विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केली. अशा संपादनाचा पहिला धर्मच हा, की कागद ज्याचा, नाव त्याचे. येत्या शिक्षक दिनी तसबिरीला हार मी घालीनच. मात्र त्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना जदुनाथ सिन्हा हे नावही सांगेन, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून देईन.