मांजरा जलाशय आणि नांदूरघाट परिसरातील तलाव : होडीची सुरक्षितता व मासेमारी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात बालाघाटच्या पठारावर नांदूरघाट हे गाव आहे. या भागातील पाण्याचे साठे दोन तऱ्हांचे. एक, ओढ्यानाल्यांवर माती टाकून अडवलेले पाझर तलाव आणि साठवण तलाव. त्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिले. दुसरा, याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर बांधलेल्या धरणाचा मोठा जलाशय. मांजरा नदी याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि पुढे बीड व धाराशिव जिल्ह्यांची हद्द आखत जाते. धनेगावच्या पाण्यावर केज, अंबाजोगाई, कळंब आणि लातूर शहराची तहान भागते. म्हणून इथे होडी घालणारा आणि जाळे टाकणारा माणूस लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर वावरत असतो. या नोंदीतील नियमांचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

पातळी : या जलाशयाबद्दल काहीही सांगायचे तर आधी आज पातळी किती, हे विचारावे लागते. धरणाची पूर्ण संचय पातळी ६४२.३७ मीटर, एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा १७७ आणि मृत साठा ४७ च्या आसपास. हे आकडे धरण भरलेल्या दिवसाचे. एप्रिल २०१६ मध्ये धरण कोरडे पडल्यामुळे मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस याच धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. एकाच तलावाची ही दोन रूपे साडेपाच वर्षांच्या अंतराने दिसली. कोकणातल्या खाडीचा किंवा बारमाही डोहाचा नावाडी पाण्याचा तळ लहानपणापासून ओळखतो. इथल्या नावाड्याला मात्र तो दरवर्षी नव्याने ओळखावा लागतो, कारण किनारा हलतो आणि गेल्या वर्षी जिथे हरभरा पेरला होता तिथून यंदा होडी जाते.

पाण्याखाली काय आहे : जलाशयात बुडालेल्या शिवारात बांध, दगडी ताली, बाभळीचे बुंधे आणि जुन्या विहिरी तशाच राहतात. पाणी उतरू लागले की हे सगळे फूट-दोन फुटांखाली येते आणि वरून दिसत नाही. बाभळीच्या खोडावर चढलेली होडी एका बाजूला कलते. माणसे घाबरून दुसऱ्या बाजूला सरकली की ती उलटते. गुडघाभर पाण्यात जाळे ओढत चाललेला माणूस बुडालेल्या विहिरीवर आला तर पुढच्याच पावलाला तळ संपतो. मार्चनंतर उघड्या पडलेल्या गाळावर वरून कोरडी खपली दिसते, खाली मांडीभर चिखल असतो. त्यात अडकलेल्या माणसाने उभे राहून पाय ओढण्याऐवजी आडवे पडून, अंग पसरून सरकत बाहेर यायचे असते.

आणखी एक धोका या भागात हमखास भेटतो, तो विजेचा. जलाशय मागे सरकतो तशी शेतकऱ्यांची पाणबुडी मोटारही पुढे सरकते, आणि तिच्या मागे केबलही. जोड दिलेली, सोललेली केबल पाण्यात पडलेली असेल तर अनवाणी मासेमाराला ती कळायच्या आत धक्का बसतो. चालू मोटारीच्या आसपास पाण्यात उतरू नये आणि होडीचे वल्हे किंवा बांबू केबलखाली घालून ती उचलू नये. हा नियम कुठल्या फलकावर लिहिलेला सहसा दिसत नाही, पण माझ्या मते या तलावांवर तो पहिल्या ओळीत हवा. गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात शेती करणारा आणि मासेमार यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच मोटारींच्या जागा एकमेकांना दाखवून ठेवाव्यात.

होडी आणि होडीसारखे काही : मराठवाड्याच्या तलावांवर लाकडी होडी कमीच. पत्र्याची किंवा फायबरची लहान होडी, ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणि पोत्यात भरून बांधलेले थर्माकोल यांवर जाळी टाकली जातात. हौस म्हणून कोणी थर्माकोलवर बसत नाही. होडीची किंमत परवडत नाही म्हणून बसतो. जायकवाडीच्या फुगवट्यावर गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जात असल्याची बातमी आली, तेव्हा २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून तिची दखल घेतली. थर्माकोल बुडत नाही हे खरे, पण त्याला कडा नसते, धरायला काही नसते आणि वाऱ्याने ते माणसापासून दूर जाते. ट्यूबला बाभळीचा एक काटा पुरेसा. ज्याला तरीही त्यावर जावे लागते त्याने निदान ट्यूब आपल्या कमरेला दोरीने बांधावी. पायात जाळ्याचा दोर मात्र कधीही गुंडाळू नये.

वारा आणि भार : २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. एकच माणूस पोहत काठाला लागला. या अपघाताची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मे महिना हा वळवाचा. दुपारी तीननंतर पश्चिमेला काळे ढग चढतात, हवा एकदम पडते आणि काही मिनिटांत धुळीचा लोट येतो. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसते. जितके पाणी रुंद तितकी लाट उंच. एप्रिलपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत जाळे पहाटे काढावे आणि दुपारनंतर मोठ्या पाण्यात जाऊ नये, हा जुन्या मासेमारांचा रिवाज शहाणपणाचा आहे. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासची वीज दाखवते. गडगडाट कानावर आला की काठ गाठावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याबाहेर राहावे.

भाराचे अपघात वाऱ्याशिवायही होतात. ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात फिरायला गेलेले आठ तरुण बुडाले. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत दशक्रियेसाठी जमलेल्या नातलगांची होडी उलटून ११ जण गेले. सहल, दशक्रिया, विसर्जन, लग्नाचे फोटो : होडीत जास्त माणसे बसतात ती अशाच दिवशी, आणि ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्यही त्याच दिवशी ऐकू येते. होडीच्या कडेपासून पाण्यापर्यंत निदान वीतभर अंतर उरले नाही तर ती होडी भरलेली आहे, मग आत जागा दिसो वा न दिसो. होडीत उभे राहू नये, सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये, आणि उलटलीच तर तिला धरून राहावे. काठ जवळ वाटतो तितका जवळ नसतो.

लाईफ जॅकेट : पाण्यात माणसाचे डोके वर ठेवायला फार उचल लागत नाही, बहुतेक प्रौढांना पाच किलोंच्या आसपासची पुरते. जॅकेटवर उचल न्यूटनमध्ये लिहिलेली असते आणि दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या कामासाठी. न पोहणाऱ्याने किमान १०० न्यूटनचे घ्यावे. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. गावाकडे पोहायला शिकताना पाठीला भोपळा किंवा रिकामा कॅन बांधतात, म्हणजे तरंगण्याचे तत्त्व इथे कोणाला नवीन नाही. अडचण वेगळीच आहे. पोहता येणाऱ्याला जॅकेट घालणे कमीपणाचे वाटते. पण वादळात, कपडे भिजून जड झालेले, पायात जाळे अडकलेले असताना पोहणे कामाला येत नाही.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर त्याला पालथे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे या प्रथा अजून दिसतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्ष मिळतो. बुडणाऱ्याकडे स्वतः झेप घेण्याआधी दोर, बांबू, धोतर किंवा रिकामा कॅन फेकावा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

कायदा : १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ हा ७ जून २०२२ पासून लागू झाला. त्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रमाणपत्रधारक चालक लागतो. वल्ह्याच्या होडीची नोंद जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायत पातळीवर करण्याची तरतूदही त्यात आहे. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण तलावावर पाणी एका खात्याचे असते, मासळी दुसऱ्या खात्याची आणि होडी कोणाचीच नसते. मासेमारीचा ठेका देताना मत्स्यबीज किती सोडायचे याचा हिशेब होतो. त्याच कागदावर होड्यांची संख्या आणि तितकी जॅकेटे लिहून घेतली तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मासेमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते. नाव नोंदलेले नसेल तर मात्र घरच्यांच्या हाती काही येत नाही.

मासळी : तलावात पाणी आले की मासे आपोआप होतील, हा समज चुकीचा आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मोठे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची पैदास सहसा होत नाही. म्हणून बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या टोचणीने माशांचे प्रेरित प्रजनन घडवले आणि नदीतून बीज गोळा करण्यावरची भिस्त संपू लागली. मत्स्यजिरे वाढवून बोटभर लांबीची ‘बोटुकली’ झाली की तलावात सोडतात. त्याहून लहान सोडली तर मरळ आणि शिवडा ती फस्त करतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी खातो, त्यामुळे तिघे एकत्र वाढतात. त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सिप्रिनस असतात. चिलापी कोणी न सोडताही वाढते आणि लहान वयातच अंडी घालते, त्यामुळे संख्या फार आणि आकार लहान राहतो. विक्रीसाठी थाई मांगूर आणून सोडण्यावर केंद्राने २००० सालापासून बंदी घातली आहे. पुरात तो निसटला तर नदीतले देशी मासे खातो.

मासेमारीचा हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेला पाच वर्षांच्या ठेक्याने मिळतो आणि मराठवाड्यात या संस्थांत भोई समाजाचा वाटा मोठा आहे. गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाने आधी संस्थेला विचारावे; बीज त्यांच्या पैशाचे असते. समुद्रातील १ जून ते ३१ जुलै ही बंदी धरणांना लागू नाही, पण पावसाळ्यात पुराच्या तोंडावर चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे मारणे म्हणजे पुढच्या सालाचेच पीक कापणे. लाल रंगाच्या पिल्लांचा थवा दिसला की त्याखाली मरळ राखण करत असते. तिला गळाला लावणे सोपे असते, आणि ती गेली की सगळा थवा जातो. तिला सोडून द्यावे.

स्फोटके आणि विष यांवरची बंदी १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाइतकी जुनी आहे. विहीर फोडायच्या जिलेटिनने मासे मारताना हात गमावणारे असतात. तरंगून वर येणाऱ्या माशांपेक्षा तळाशी मरून कुजणारे जास्त. कीटकनाशक ओतणारा तर शहरांच्या पिण्याच्या पाण्यात विष कालवतो. याबाबत गावाने भीड धरू नये.

आता मिळकतीचे. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सोडलेली बोटुकली पुढच्या उन्हाळ्यात किलोच्या आसपास जाऊ शकते आणि दुसऱ्या वर्षी कटला खरा दिसू लागतो. सकाळी आणि सांजेला ओढा मिळतो त्या तोंडाशी मासे खायला येतात. कणकेच्या गोळीला रोहू-मृगळ, गांडुळाला वाम आणि मरळ लागते. सांडव्याखाली मात्र दरवाजे उघडण्याच्या दिवसांत उतरू नये. भोंगा ऐकू आल्यावर सामान गोळा करायला वेळ उरत नाही. पाणी मृत साठ्याकडे उतरले की मासे एकवटतात आणि जाळी भरभरून निघतात. ती भरभराट फसवी असते. उथळ, तापलेल्या पाण्यात पहाटेच्या आधी प्राणवायू सर्वांत कमी होतो. मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले की संस्थेने त्याच आठवड्यात विक्रीयोग्य माल काढून घ्यावा, कारण पुढे तो मरूनच मिळतो. शेवटच्या डबक्यांत हवेतून श्वास घेणारी मरळ तेवढी टिकते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. केज तालुक्यातल्या संस्थेला त्याचा खरा उपयोग कोरड्या वर्षी व्हायला हवा, जेव्हा बीजाचे पैसे पाण्यात गेलेले असतात आणि पाणीही गेलेले असते. तोवर बीज किती घ्यायचे हे ठरवताना मागच्या सालच्या पकडीपेक्षा सप्टेंबरअखेरीला धरणावर नोंदलेली पातळी पाहावी. ती ६४२ मीटरच्या जवळ असेल तर पूर्ण बीज सोडावे. बरीच खाली असेल तर अर्धेच सोडून उरलेल्या पैशात होड्यांसाठी जॅकेटे घ्यावीत.