स्वतंत्र लेखक : प्रतिभा, शिस्त आणि हिशेब

लेखकाने लिहावे, प्रकाशकाने छापावे आणि विक्रेत्याने विकावे, अशी कामाची वाटणी मराठीत दीर्घकाळ रूढ आहे. ही तिन्ही कामे, किंवा त्यांतील बहुतेक, स्वतःच्या जबाबदारीवर करणारा तो स्वतंत्र लेखक. संगणकावरील अक्षरजुळणी, थोड्या प्रतींची छपाई आणि ऑनलाइन विक्री यांमुळे हा मार्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाला आहे. पुस्तक काढणे आज अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दुसरे पुस्तक काढणे.

पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन थाटात होते, आप्तेष्टांना प्रती भेट जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर चढतात. त्यांत अडकलेला पैसा मोकळा होत नाही, वसुलीसाठी दुकानांचे उंबरे झिजवावे लागतात आणि लिहिणे मागे पडते. अशा लेखकाची प्रतिभा आटली, असे लोक म्हणतात. परंतु पुष्कळदा आटलेले असते ते भांडवल आणि वेळ. म्हणून स्वतंत्र लेखकाच्या बाबतीत शिस्त आणि व्यवहार या प्रतिभेच्या विरोधातील गोष्टी नाहीत, तर पुढचे लेखन शक्य करणारी ती व्यवस्था आहे. मात्र त्या व्यवस्थेला तिची जागा आणि तिची वेळ नेमून द्यावी लागते.

नियतकालिकाची शिस्त

मराठी कादंबरीचा पाया घालणारे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पाव शतकाहून अधिक काळ ते चालवले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच काळात पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापनही त्यांच्याकडे होते आणि नगरपालिकेच्या कामातही ते लक्ष घालीत. म्हणजे लेखनाखेरीज दुसरे काही करावे लागत नव्हते, अशी त्यांची स्थिती नव्हती. अंकाचा दिवस ठरलेला होता आणि वाचक पुढच्या प्रकरणाची वाट पाहत होता. एवढ्या एका बंधनावर मराठीतील मोठे कादंबरीलेखन उभे राहिले.

या शिस्तीची किंमतही त्यांना द्यावी लागली. प्रकरणामागून प्रकरण देताना कथानक पसरत जाई, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ठरलेला दिवस पाने लिहून घेतो. ती पाने पुन्हा पाहण्याची सवड तो आपण होऊन देत नाही. पुनर्लेखनासाठी वेगळा काळ राखून ठेवावा लागतो, हा धडा हरिभाऊंच्या कारकिर्दीतूनच घेता येतो.

आजच्या नोकरदार लेखकाला हे गणित सोपे करून मांडता येईल. रोज ३०० शब्द, आठवड्यातून ५ दिवस, असे ४० आठवडे लिहिल्यास ६० हजार शब्दांचा खर्डा हाती येतो. मध्यम आकाराच्या कादंबरीला तो पुरेसा आहे. वर्षातील १२ आठवडे तरीही मोकळे राहतात. आजारपण, लग्नकार्ये, चतुर्थी यांत त्यांतील काही जातील; उरलेले पुनर्लेखनाला द्यावेत. स्फूर्तीची वाट पाहू नये असे नव्हे. परंतु ती येईल तेव्हा लेखक लिहिण्याच्या जागी बसलेला असावा.

केतकरांचा प्रयोग

लेखनाला व्यवसायाची चौकट देण्याचा मराठीतील सर्वांत धाडसी प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश करण्याचे ठरवले. त्यासाठी राजाश्रयाची वाट पाहत न बसता त्यांनी नागपूर येथे मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकून भांडवल उभे केले आणि वर्गणीदार जमवले. पुढे काम पुण्याला आले. १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध झाले. या खटाटोपाचा वृत्तांत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे.

केतकरांनी छपाईचा खर्च करून मग गिऱ्हाईक शोधले नाही. गिऱ्हाईक आणि भांडवल आधी जमवले आणि त्याच्या बळावर खंड काढले. आज ज्याला पूर्वनोंदणी म्हणतात त्याची रीत मराठीत इतकी जुनी आहे. दुसरे असे की, सर्व लेखन एकट्याने करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. माणसे जोडली, कामे वाटली आणि खंडांचा क्रम सांभाळला. या कामातील त्यांचे सहकारी यशवंत रामकृष्ण दाते यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे मोठे काम पार पाडले. केतकरांनीही ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

तथापि ज्ञानकोश पूर्ण झाला, तरी केतकरांच्या घरची आर्थिक ओढाताण सरली नाही. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले ते तशाच स्थितीत. उपक्रम यशस्वी होणे आणि तो चालवणाऱ्याचा संसार सुखरूप राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाचे खाते आणि घरखर्चाचे खाते यांत भिंत हवी, ती याचसाठी.

पाचशे प्रतींचा हिशेब

ही भिंत कशी घालावी, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. दर ठिकाणानुसार बदलतील. रीत तीच राहील.

समजा, १६० पानांच्या पुस्तकाच्या ५०० प्रती काढायच्या आहेत. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा एकरकमी खर्च २५ हजार रुपये. छपाई व बांधणी प्रतीमागे ६० रुपये, म्हणजे ३० हजार. एकूण खर्च ५५ हजार रुपये. किंमत २५० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये पडतात. घातलेला पैसा परत यायला ३६७ प्रती खपल्या पाहिजेत. तीच प्रत लेखकाने थेट वाचकाला विकली आणि टपाल व वेष्टनाला ४० रुपये लागले, तर २१० रुपये उरतात आणि २६२ प्रतींत खर्च निघतो.

छापखान्यात अशा वेळी एक मोह समोर येतो. हजार प्रती काढल्या तर दर ५० रुपयांवर येईल, असे सांगितले जाते आणि ते खरेही असते. सर्व खर्च धरून एका प्रतीची पडतळ ११० रुपयांवरून ७५ रुपयांवर उतरते. परंतु एकूण खर्च ७५ हजारांवर जातो आणि दुकानांतून विकून तो भरून काढण्यासाठी ३६७ ऐवजी ५०० प्रती खपाव्या लागतात. स्वस्त पडलेली प्रत खपली नाही, तर ती सर्वांत महाग प्रत ठरते. आवृत्तीचा आकडा छापखान्याच्या दरावरून ठरवू नये. नावानिशी सांगता येतील अशा वाचकांवरून ठरवावा.

भेटप्रतींचा आकडाही आधीच ठरवून तो खर्चात धरावा. ५०० पैकी १०० प्रती भेट गेल्या, तर विक्रीला ४०० उरतात. मग दुकानांतून खर्च निघण्यासाठी त्यांतील ३६७ खपाव्या लागतील आणि सारा नफा उरलेल्या ३३ प्रतींवर अवलंबून राहील. मागणी येईल तशी प्रत छापून देण्याची सोय वापरल्यास साठा राहत नाही. मात्र प्रतीमागे दर बराच अधिक पडतो. पहिली आवृत्ती थोडी छापून नंतरची मागणी या मार्गाने भागवणे, हा मधला उपाय आहे.

गोव्यातील वाचक

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती आणि मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे दीड लाख होते. घरात कोकणी बोलणारा आणि आवडीने मराठी वाचणारा वर्ग यापेक्षा निराळा आहे. कोणत्याही रकान्यात तो दिसत नाही. सिंधुदुर्ग आणि बेळगावचा मराठी वाचक याच पंचक्रोशीतला. महाराष्ट्राच्या तुलनेत बाजार लहान आहे हे उघड आहे. पण तो ओळखीचा आहे. येथे वाचक, शिक्षक, ग्रंथपाल, नाट्यमंडळाचे कार्यकर्ते यांच्यापर्यंत लेखक स्वतः पोहोचू शकतो. वरच्या हिशेबात थेट विक्रीचे पारडे जड ठरले, त्याचा लाभ लहान राज्यातील लेखकाला अधिक मिळतो.

मात्र थेट विक्रीला लेखकाचा वेळ लागतो. शाळा, वाचनालये, देवस्थानांचे उत्सव, साहित्य मेळावे यांत वर्षभर फिरणाऱ्याचे पुढचे पुस्तक लांबते. म्हणून विक्रीचाही हंगाम ठरवावा. पावसाळ्याचे चार महिने लेखनाला आणि त्यानंतरचे उत्सवाचे व मेळाव्यांचे महिने विक्रीला, ही वाटणी गोव्याच्या ऋतुमानाला सहज जुळते.

कागदपत्रांची बाजू

स्वतः पुस्तक काढणारा लेखक कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकही असतो. आयएसबीएन हा १३ अंकी क्रमांक भारतात नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखकाला त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात. काही बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही.

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची परंपरा सांगते. गोव्यातील लेखकाने आपली प्रत तेथेही आवर्जून पोहोचवावी. पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक पुस्तक शोधेल तो अशाच ठिकाणी.

स्वामित्वहक्क लेखन होताच लेखकाकडे येतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. पुढे एखाद्या प्रकाशकाने, ध्वनिपुस्तक काढणाऱ्या कंपनीने किंवा चित्रपट निर्मात्याने विचारणा केली, तर ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर सही करण्याऐवजी कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत.

कराच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. छापील पुस्तकांच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. छपाईसारख्या सेवांवर भरलेला कर मात्र आपल्या खर्चात धरावा लागतो. प्रकाशकाकडून मिळणारी रॉयल्टी आणि स्वतःच्या प्रती विकून मिळालेली रक्कम ही दोन निराळी उत्पन्ने आहेत. रॉयल्टीला मिळणारी सवलत विक्रीच्या उत्पन्नाला आपोआप लागू होते, असे समजू नये. वर्षातून एकदा हिशेबनिसाचा सल्ला घेण्याचा खर्च वाया जात नाही.

दोन वह्या

या साऱ्यांतून एक साधी पद्धत निघते. लेखकाजवळ दोन वह्या असाव्यात. एकीत दिवसाचे लेखन आणि पुढच्या प्रकरणाची टिपणे. दुसरीत छापलेल्या, दिलेल्या, खपलेल्या आणि परत आलेल्या प्रती, कोणत्या विक्रेत्याकडे किती येणे आहे आणि कोणते पत्र पाठवायचे आहे. पहिली वही रोज उघडावी, दुसरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. लिहिण्याच्या वेळी विक्रीचा आकडा पाहू नये आणि हिशेबाच्या दिवशी तो टाळू नये.

खपाचा आकडा पुढची आवृत्ती किती काढावी हे सांगतो. पुढचे पुस्तक कशावर लिहावे हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. पहिल्या पुस्तकाचे पैसे सुटले, तर पुढचा विषय निवडताना लेखकाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. हिशेबाच्या वहीचा खरा उपयोग हाच आहे.